ताईचा लाल

१२ फेब्रुवारी

ठिपके,

'प्रिय' लिहावं की नाही यात अर्धा तास गेला, म्हणून नुसतं नाव लिहिलं. तुझा पत्ता माझ्याकडे नाही. हे पत्र सध्या टेबलाच्या खणातच जाणार, तेव्हा वाटेल ते लिहायला हरकत नाही.

अक्षर वेडंवाकडं दिसलं तर हसू नकोस. पुठ्ठ्याला एक लांबट खाच कापून घेतली आहे. ती कागदावर ठेवायची, खाचेतल्या खाचेत लिहायचं आणि ओळ संपली की पुठ्ठा बोटभर खाली सरकवायचा. प्रुफं वाचताना ओळ चुकू नये म्हणून मी अशीच पट्टी वापरायचे आणि तू ती पळवून तिला ब्रश पुसायचीस. तेव्हा ती वाचण्यासाठी होती. आता लिहिण्यासाठी आहे, कारण लिहिलेलं मला वाचता येत नाही.

सांगूनच टाकते. डोळे गेले. पूर्ण नाही. कडा शाबूत आहेत, मधलं गेलंय. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं नाहीसं होतं आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं दिसतं. दाराची चौकट दिसते, दारात उभं असलेलं माणूस दिसत नाही. छत्तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून लोकांच्या वेलांट्या नीट केल्या, त्याचं हे बक्षीस. छापखान्यानं सहा महिने चालवून घेतलं. मग शाळेच्या एका पुस्तकात पहिल्याच पानावर 'अनुक्रमाणिका' छापून गेली. मालकांनी मला आत बोलावलं, बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. पुढचं वाक्य मी त्यांना पुरं करू दिलं नाही. चष्म्याचं घर उचललं आणि घरी आले.

डोळ्यांचे डॉक्टर तरुण आहेत आणि फार गोड बोलतात, त्यामुळे मला आवडत नाहीत. ते म्हणाले, "कडेनं बघायला शिका. अक्षराकडे बघू नका, अक्षराच्या शेजारी बघा. मोठ्या अक्षरांपासून सुरुवात करा. पाट्या वाचा, भिंती वाचा. आणि पायी हिंडा."

म्हणून काल त्या जुन्या वखारींच्या भागात गेले. माल यायचा बंद झाला, वखारी ओस पडल्या आणि चित्रवाल्यांनी त्यांच्या भिंती धरल्या, तो भाग. सहजच गेले. आमच्या बसचा शेवटचा थांबा तोच आहे.

काय काय आहे तिथे! एका गच्चीवरून उतरणाऱ्या पाइपाचा कोणीतरी जिराफाचा गळा केलाय. एका जिन्याच्या पायऱ्यांवर तुकड्यातुकड्यांनी एक बाई रंगवली आहे. खालून पाहिली की पुरी दिसते, चढायला लागलं की मोडते. इस्त्रीवाल्याच्या दुकानावर त्याचंच तीन मजली चित्र आहे आणि खाली तो स्वतः इस्त्री करत असतो. मला चित्र दिसलं, तो दिसला नाही. माझा धक्का लागून त्याच्या घडीच्या कपड्यांचा ढीग कलंडला. चित्रातला इस्त्रीवाला हसत होता, खरा हसला नाही.

आणि चुका! एका भिंतीवर पुरुषभर उंचीची अक्षरं: 'उज्वल भविष्य'. अर्धा ज खाल्ला की भविष्य कुठलं आलंय उज्ज्वल? पुढच्या वळणावर 'स्वातंत्र' असं लिहून खाली मूठ काढलेली. मला शिडी मिळाली असती तर चढले असते. पण खरं सांगू? सात महिन्यांनी मी काहीतरी वाचलं होतं आणि त्यात चूक सापडली होती.

आई गेली तेव्हा तू नव्हतीस, हे मी विसरलेले नाही. डोळे गेले म्हणून ताई मऊ झाली असं तुला वाटायला नको, म्हणून लिहून ठेवते.

ताई


२१ फेब्रुवारी

ठिपके,

आधी एक दुरुस्ती. बसचा शेवटचा थांबा तो नाही. मी दोन बस बदलून जाते आणि पुढे वीस मिनिटं चालते. तू त्या वस्तीत तीन वर्षं खोली घेऊन राहिली होतीस, हे मला ठाऊक होतं. कुठून कळलं ते विचारू नकोस.

आज तिसरी खेप. आता पायांना वाट कळते. जिराफ ओलांडला की पंचावन्न पावलांवर फुटपाथ खचलाय, तिथे भिंतीला हात लावून जायचं. हात लावला की कळतं, तिथे रंगाचे किती थर आहेत. एकावर एक, एकावर एक. नवा रंग गुळगुळीत लागतो, जुन्याचे पोपडे तळव्याला टोचतात.

कोपऱ्यावर रंगांचं दुकान आहे. पाटी मोठी आहे, त्यामुळे शेजारच्या खांबाकडे बघून वाचता आली. 'रंग व साहीत्य'. साहित्यातल्या 'हि'ला दुसरी वेलांटी! माझं नाक आपोआप वर गेलं असणार, कारण आतून आवाज आला, "आलात का एकदाच्या?"

मी म्हटलं, "मला म्हणताय?"

"तुम्ही ताई ना तिच्या?"

"कशावरून?"

"पाटीपाशी अडखळलात. अकरा वर्षं ही पाटी आहे. रंग घ्यायला शेकडो लोक आले, तोंड कुणी वाकडं केलं नाही."

दुकान एक बाई चालवतात. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असतील. आवाज जाडा, हाताला टर्पेंटाइनचा वास. तोंडाला लागलं तर खैर नाही अशा. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं ते असं. त्यांच्या माडीवरची खोली तुझी होती. पाटीतली चूक तू पहिल्याच दिवशी दाखवलीस. त्या बदलायला निघाल्या तर तू म्हणालीस, राहू द्या. माझी ताई कधीतरी या रस्त्यानं येईल. माणसांना ती ओळख देणार नाही, पण या वेलांटीपाशी थांबल्याशिवाय पुढे जाणार नाही.

"तुमच्यापायी माझी पाटी चुकीची राहिली," रंगवाल्या बाई म्हणाल्या. "आता सुधारू का?"

मी उगीचच डब्यांवरचे आकडे वाचायचा प्रयत्न करत बसले.

तुझा पत्ता मागितला. "पत्ता द्यायचा नाही असं तिनं बजावलंय," त्या म्हणाल्या. "पत्र घ्यायचं नाही असं नाही बजावलेलं. द्या. मी पाठवते. वाचायचं की नाही ते ती बघेल."

म्हणून आधीचं आणि हे, दोन्ही एकाच पाकिटात घालून देते आहे. पहिल्या पत्राचा शेवट खोडावा असं वाटलं होतं. पण कुठल्या ओळीवर काट मारायची ते मला दिसत नाही, तेव्हा तो तसाच येतो आहे.

ताई


६ मार्च

ठिपके,

पाकीट परत आलं नाही. रंगवाल्या बाई म्हणतात, हे चांगलं लक्षण आहे. पत्र परत येणं म्हणजे काय, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आज त्यांनी विचारलं, "मागची भिंत पाहिलीत?" मी विचारलं कुठली, तर म्हणाल्या, "चालत जा. तुमची तुम्हाला कळेल."

त्या भागात एक मुलगी लोकांना चित्रं दाखवत हिंडवते. हातात मिटलेली पिवळी छत्री उंच धरते, म्हणून मी तिला छत्रीवाली म्हणते. पिवळा रंग मला कडेनं चांगला दिसतो. आज मी तिच्या घोळक्यात शिरले. बारा-तेरा माणसं, सगळ्यांच्या हातात फोन. वखारींच्या मागे एक मोकळी जागा आहे आणि तिच्या अंगाला पाच मजली भिंत, एकही खिडकी नसलेली. छत्रीवाली थांबली.

मी भिंतीकडे पाहिलं, भिंत नाहीशी झाली. आभाळाकडे पाहिलं, मग अक्षरं आली. एकेक अक्षर मजलाभर उंच.

'तू मला आधी का कळवलं नाहीस?'

काळी अक्षरं आणि 'कळवलं'वरचा अनुस्वार लाल. गाडीच्या चाकाएवढा.

छत्रीवाली सांगत होती, "हा नागरिकांनी सत्तेला विचारलेला प्रश्न आहे. लाल गोळा म्हणजे धोक्याची सूचना. काही जण त्याला मावळता सूर्यही मानतात." एक गृहस्थ म्हणाले, सिग्नल असेल. त्यांच्या बायकोला ते कुंकू वाटलं.

मी म्हटलं, "तो अनुस्वार आहे."

"हो आजी, तसाही अर्थ लावता येतो," ती समजुतीनं म्हणाली.

घोळका पुढे गेला, मी थांबले. भिंतीच्या पोटाशी गेले. काळ्या अक्षरांच्या मागे सगळी भिंत राखाडी रंगाच्या बारीक ओळींनी भरलेली आहे, ते जवळ गेल्यावर दिसलं. नाक भिंतीला लावून, मान वाकडी करून, हात पोचेल तेवढं वाचलं. तुझं पत्र. तू मला आई गेल्यावर महिन्यानं पाठवलेलं. माफीचं चार पानी पत्र. आणि त्यावर लाल शाईनं केलेल्या दुरुस्त्या, माझ्या, जशाच्या तशा. 'बहिण'ची वेलांटी बदललेली. 'आशिर्वाद' दीर्घ केलेला. समासात माझे ते गोल. अगदी तळाला, तुझ्या सहीच्या खाली, आम्ही प्रुफांवर लिहितो तो शेरा: 'दुरुस्त करून पुन्हा पाठवा.'

मी हे केलं होतं, ठिपके. लोक रागानं पत्र फाडतात, जाळतात. मी ते तपासलं. एकतीस चुका काढल्या आणि त्याच पाकिटात घालून परत पाठवलं. तेव्हा मला वाटलं होतं, किती बिनतोड उत्तर दिलं! या जगात माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला असला दुष्टपणा सुचला नसता.

तुझ्या त्या पत्रात एकच प्रश्न होता. घाईत तू 'कळवल नाहीस' लिहिलं होतंस. मी त्यावर अनुस्वार दिला. उत्तर दिलं नाही.

परत दुकानात आले, तेव्हा रंगवाल्या बाईंनी न विचारता पाणी दिलं. मग एक लाकडी पेटी काढली. गिऱ्हाइकाला रंग कालवून दिला की त्याचं प्रमाण त्या एका कार्डावर लिहून ठेवतात, परत तसाच लागला तर. तू ते पत्र घेऊन दुकानात आली होतीस म्हणे. "या शाईचा लाल हवा, याच्याहून उजळ नको की काळपट नको." तीनदा कालवला. चौथ्यांदा जमला. कार्डावर रंगाचं नाव लिहायची रीत आहे, आणि तू नाव सांगितलंस. त्यांनी मला वाचून दाखवलं.

'ताईचा लाल.'

आज एवढंच. पुठ्ठा सरकत नाही.

ताई


१५ मार्च

ठिपके,

आठ दिवस झाले, रोज त्या भिंतीपाशी जाते. छत्रीवाली आता मला लांबून नमस्कार करते. तिला वाटतं, मी कलेची भक्त आहे.

आता लिहिते. मधे थांबले तर पुन्हा हात उचलणार नाही.

तू आली नाहीस असं मी सगळ्यांना सांगितलं. मावशी तुला चार माणसांत बोलली, "रंगाचे डबे सोडवले नाहीत हिला, आई सोडवली." तू माझ्याकडे बघितलंस आणि मी मूग गिळून बसले. खरं काय ते असं. सोमवारी सकाळी डॉक्टर आईला तपासून म्हणाले, "धाकट्या मुलीला बोलावून घ्या." मी तुला फोन केला गुरुवारी. तोही कसा, "आईचं जरा जास्त आहे, जमलं तर ये." तू अठरा तासांवर होतीस. तू निघालीस आणि दुपारी ती गेली.

तीन दिवस फोन माझ्या हातापाशी होता.

आईचं मी सात वर्षं केलं, हे तुला माहीत आहे. उठवणं, बसवणं, धुणं, भरवणं. सकाळी तिचं आटोपून प्रुफं, दुपारी येऊन पुन्हा तिचं. मी ते आनंदानं केलं असं म्हणणार नाही. चिडचिड करत केलं. चमचा आपटत केलं. पण केलं. आणि त्या सोमवारी तिनं डोळे उघडले आणि हाक मारली, "ठिपके."

मी म्हटलं, "आई, मी ताई."

तिनं मान भिंतीकडे वळवली.

दुपारी पुन्हा, "ठिपके." मी पुन्हा सांगितलं, ताई. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा मी ओ दिली.

नुसतं "ओ" म्हटलं, ठिपके. तिचा चेहरा असा उजळला की मी तो तसा कधी पाहिलेला नव्हता. माझा हात तिनं दोन्ही हातांत घेतला आणि विचारलं, "आलीस? ताई रागावली नाही ना तुला?" मी म्हटलं, "नाही." मग तीन दिवस मी तूच होते. तुझ्यासारखं भरभर बोलले. तुझं ते नाकातलं हसूही हसले. तिनं माझ्या हातून न कुरकुरता खाल्लं, कारण तो तुझा हात होता. तू आली असतीस तर मला पुन्हा ताई व्हावं लागलं असतं. म्हणून मी फोन केला नाही. दुसरं काही कारण नाही. मी खूप शोधलं, कामात होते, सुचलं नाही, वाटलं बरी होईल. एकही खरं नाही.

बुधवारी संध्याकाळी ती मला म्हणाली, म्हणजे तुला म्हणाली, "ताई फार दमते गं. तिला मी चांगलं असं कधी काही बोलले नाही. बोलायला गेलं की ती कामाला निघायची. तू सांग हो तिला." मी विचारलं, "काय सांगू?" तर म्हणाली, "तुला कळेल."

हा निरोप माझ्यासाठी होता आणि तो तू मला द्यायचा होतास. मी मधेच उभी राहून तो ऐकला, त्यामुळे तो तुलाही मिळाला नाही आणि मलाही नाही. तुला तर आईचे तीन दिवसच मिळाले नाहीत. तुझ्या वाटणीचे होते, मी घेतले. तुझ्याविना आई गेली असं अकरा वर्षं तू समजत आलीस. ते तसं नव्हतं. तिच्या लेखी तू शेवटपर्यंत तिच्या उशाशी होतीस. यानं तुझं दुःख हलकं होईल की वाढेल, मला कळत नाही.

आणि मग तू माफी मागितलीस. माझी! म्हणून मला ती चार पानं सहन झाली नाहीत. ती चुकीची होती. अक्षरं नव्हे, आख्खं पत्रच. माफी मागायला हवी होती मी. आणि ते तुला लिहायच्या ऐवजी मी लाल पेन उघडलं.

ताई


३ एप्रिल

ठिपके,

उत्तर नाही. पाकीटही परत नाही. रंगवाल्या बाईंना विचारलं, "काही कळवलं का तिनं?" त्या म्हणाल्या, "नाही. पण माझा फोन उचलते, आणि तुमचा विषय काढला की गप्प होते. आधी फोन ठेवून द्यायची." मी तेवढ्यावर आठवडा काढला.

आता एक सांगायचं आहे आणि ते घाईचं आहे. भिंतीसमोरच्या मोकळ्या जागेत इमारत होते आहे. खणून झालं. पत्रे लावलेत. भिंतीपासून हातभर अंतर सोडून दुसरी भिंत उभी राहणार. तुझं चित्र कुणी पुसणार नाही, पण ते पुन्हा कुणाला दिसणारही नाही. छत्रीवाली रडवेली झाली होती. मुकादम म्हणाला, महिनाअखेर पहिला मजला वर येईल. म्हणजे तळातलं सगळ्यात आधी झाकलं जाणार.

तुझ्या प्रश्नाला अकरा वर्षं उत्तर नाही. कागदावर लिहिलं, पण तू विचारलंस भिंतीवर. लोकांनी रस्त्यात उभं राहून तुझा प्रश्न वाचला. आठ वर्षं भिंतीवर तो तसाच लोंबकळत राहिला आणि त्यांनी त्याचा सूर्य केला, सिग्नल केला. उत्तर तिथेच हवं.

रंगवाल्या बाईंना म्हटलं, मला काळा रंग आणि बोटभर रुंदीचा ब्रश द्या. त्यांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं, मग दुकानाला कुलूप लावलं आणि स्टूल घेऊन माझ्याबरोबर निघाल्या. मुकादमाला त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, त्यानं पत्रा सरकवून आम्हाला आत घेतलं. बाईंनी सुताला खडू लावून भिंतीवर सरळ रेघ मारून दिली. माझ्या शेऱ्याच्या खाली, 'दुरुस्त करून पुन्हा पाठवा'च्या खाली, वीतभर जागा कोरी होती. तिथे.

ठिपके, मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या लिहिण्यावर लिहिलं. कोऱ्या जागेत स्वतःचं लिहिताना पहिलाच 'आ' गुडघ्यात वाकला. बाई म्हणाल्या, "सावकाश. आपण काय उडत्या विमानावर लिहीत नाही." बाजूच्या विटेकडे बघायचं आणि इकडे ब्रश ओढायचा, असं एकेक अक्षर. पाऊण तास लागला. अनुस्वार मी नेहमीप्रमाणे ओळ पुरी झाल्यावर शेवटी दिले.

लिहिलं ते हे:

'आईनं तुला बोलावलं. ओ मी दिली.'

बाईंनी मोठ्यानं वाचलं. त्यांना हे सगळं मी कधीच सांगितलं नव्हतं. त्यांनी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला आणि तो पुसत बसल्या, पुसून झाला तरी पुसत बसल्या.

ताई


९ एप्रिल

ठिपके,

काल छत्रीवाली शेवटचा घोळका घेऊन आली होती. पत्र्याच्या फटीतून सगळे आत वाकून बघत होते. मी स्टुलावर बसले होते. तिनं नवी ओळ वाचली. एकदा वर प्रश्नाकडे पाहिलं, एकदा खाली, आणि मग माझ्याकडे. माझ्या चपलेवर काळा थेंब वाळलेला होता.

या वेळी ती सत्तेबद्दल काही बोलली नाही. लोकांना म्हणाली, "हे दोघींचं आहे. वाचा आणि पुढे चला."

घोळका गेल्यावर माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली, "आजी, रागावू नका. एक सांगू? 'बोलावलं'वरचा अनुस्वार राहिलाय."

आधी मी हसलेच. माझा? अनुस्वार? मग तिचं बोट धरून त्या जागेपाशी गेले. हात फिरवला. 'आईनं'वर रंगाचा थेंब लागत होता. 'बोलावल'वर नुसती कोरडी भिंत. ते अक्षर अगदी नीट यावं असं वाटत होतं, म्हणून मी नेमकं तिथेच थेट बघितलं असणार. बघितलं की नाहीसं होतं. तीच जागा, ठिपके, तुझ्या पत्रात राहिली होती तीच.

छत्रीवाली म्हणाली, "देऊ का मी? पेन आहे माझ्याकडे."

मी तिचा हात धरला. म्हटलं, "नको. ती जागा माझ्या बहिणीची आहे."

दुकानात गेले. बाईंना पेटीतून ते कार्ड काढायला लावलं आणि रंग कालवून घेतला. त्यांना पहिल्याच खेपेला जमला. छोटा डबा आहे, वर नाव लिहिलंय, आणि तो 'रंग व साहीत्य'च्या पाटीखाली पहिल्या फळीवर ठेवलाय. ती पाटी मी त्यांना अजून सुधारू दिलेली नाही.

मी रोज दहा वाजल्यापासून पत्र्यापाशी असते. मला तुझा चेहरा दिसणार नाही, तेव्हा आल्यावर हाक मार. "ताई" म्हण. मी ओ देईन.

भिंत तीस तारखेपर्यंत आहे.

ताई